संग्रहालयातल्या अंगरख्यावरून हुबेहूब अंगरखा शिवताना: मापापासून बंदापर्यंत

बडोद्यात नाटकासाठी, शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी किंवा घरच्या हौसेनं जुन्या अंगरख्याची प्रतिकृती करायला घेणारे बरेच जण भेटतात. त्यांतली बहुतेक कामं फसतात ती शिलाई कच्ची म्हणून नव्हे, तर क्रम उलटा म्हणून. आधी कापड आणलं जातं, मग समोरून काढलेला एखादा फोटो पुढ्यात ठेवून कापणी होते. शेवटी हातात येतो तो मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात तिथे, गोलाई दिलेला, छातीला टक्स घातलेला आजचा कुर्ता, ज्यावर अंगरख्याचे बंद लावलेले असतात.

जुन्या अंगरख्याचा आकार कापडाच्या पन्ह्यातून (रुंदीतून) आणि कळ्यांच्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा उभ्या तुकड्यांच्या, जुळणीतून येतो. ते मूळ कपड्यावर वाचल्याशिवाय कात्री हातात घेऊ नये. पुढचे टप्पे एकोणिसाव्या शतकातल्या साध्या, पांढऱ्या मलमलीच्या कळीदार अंगरख्यासाठी आहेत. वरचं अंग आखूड, छातीखाली किंवा कमरेशी आडवी शिवण, तिच्याखाली कळ्यांचा घेर, पुढे गोलाईत कापलेलं तोंड आणि त्या तोंडाआड छाती झाकणारा पडदा, अशी त्याची रचना असते. बाराबंदी करायची असेल तर कळ्यांचा भाग सोडून बाकीचं बरंचसं तिलाही लागू पडेल.

१. कोणता अंगरखा, आणि कशासाठी

कामाच्या वहीच्या पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहा. प्रतिकृती मांडून ठेवायची आहे की अंगात घालायची? आणि संपूर्ण हातशिलाई करणार की आतल्या लांब शिवणी मशीनवर मारणार? ही उत्तरं मध्येच बदलली की मापं आणि माया (शिवणीसाठी कडेला सोडलेलं जादा कापड) दोन्ही बदलतात, आणि कापलेलं कापड वाया जातं.

पहिल्यांदा करत असाल तर किनखाबाच्या किंवा जरीकामाच्या कपड्याच्या वाटेला जाऊ नका. कशिदा नसलेली पांढरी मलमल निवडा. तिच्यातून उजेड आरपार येतो, त्यामुळे कपडा उलटा न करताही शिवणीतली माया, दुमड आणि जोड बाहेरून दिसतात. अस्तर लावलेल्या अंगरख्यात हे सगळं झाकलेलं असतं, आणि अस्तर उसवून बघायची परवानगी कुठलंही संग्रहालय देणार नाही.

काचेच्या पेटीतल्या कपड्यावरून ढब कळते, माप मिळत नाही. अहमदाबादचं कॅलिको संग्रहालय आपल्याला जवळ आहे आणि डोळा तयार करायला त्याच्यासारखी जागा नाही. मात्र तिथल्या फेरीसाठी आधी नाव नोंदवावं लागतं आणि फोटो काढू देत नाहीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर भारतीय पोशाखांच्या नोंदी फोटो आणि मापांसह पाहता येतात. त्यावरून तुमची तुलना होईल, पण मूळ म्हणून असा एक तरी कपडा हवा जो टेबलावर पसरून पाहता येईल.

त्यासाठी संग्रहालयाच्या अभिरक्षकांना पत्र लिहा. ‘जुने कपडे बघायचे आहेत’ एवढंच लिहिलं तर कामाचं उत्तर येत नाही. कपड्याचा नोंद क्रमांक, काय मोजणार त्याची यादी, किती वेळ लागेल, सोबत कोण असेल, फोटो कशासाठी वापरणार, हे सगळं एका पानात मावतं. विद्यापीठातल्या कोणाचं शिफारसपत्र जोडता आलं तर काम सोपं होतं. महाराजा सयाजीराव विद्यापीठात क्लोदिंग अँड टेक्स्टाइल्सचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे आधी बोलून पाहा.

मूळ कपडा घरातल्याच पेटीतला असेल तरी नियम तेच. तो धुवू नका, इस्त्री करू नका, ‘बसतो का’ म्हणून कोणाला घालू देऊ नका. शंभर वर्षांच्या सुती धाग्यात ओढ सोसायची ताकद उरलेली नसते आणि पहिला फाटतो तो खांदा.

२. पाहायला जाताना

पिशवीत घ्यायच्या वस्तू: दोन पेन्सिली (पेन नाही, शाईचा डाग जात नाही), आलेखाची वही, मऊ टेप, छोटी पारदर्शक पट्टी, भिंग आणि कापडाचे धागे मोजायची काच. टेप निघण्याआधी स्टीलच्या पट्टीशी ताडून घ्या. जुना कापडी टेप ताणून लांबलेला असतो, आणि मीटरमागे अर्ध्या सेंटिमीटरचा फरक घेरासारख्या मोठ्या मापात वाढत जातो.

बांगड्या, अंगठ्या, घड्याळ, लांब मंगळसूत्र, गळ्यातली ओळखपत्राची दोरी घरीच काढा. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोजे घालायला सांगितले तर घाला. कपडा उलटवायचं काम तिथल्या माणसांचं. तुम्ही सांगा, त्यांना करू द्या.

उजेड कमी असेल. सुती-रेशमी वस्त्रांसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सपर्यंतच प्रकाश ठेवतात, कारण उजेडानं झालेलं नुकसान भरून निघत नाही. म्हणून फ्लॅश नाही, आणि मोबाइलचा टॉर्चसुद्धा विचारल्याशिवाय नाही.

सावधान: पातळ कागद कपड्यावर ठेवून पेन्सिलीनं आकार गिरवू नका. पेन्सिलीचा दाब मलमलीच्या धाग्यांवर उतरतो. गोलाई घ्यायची दुसरी रीत खाली दिली आहे.

३. माप घेण्याचा क्रम

सगळ्यात आधी वहीत ‘डावं’ आणि ‘उजवं’ म्हणजे कोणाचं ते लिहा: घालणाऱ्याचं. अंगरखा एका बाजूला बांधला जातो. टेबलावर पालथा पडलेला कपडा, समोरून काढलेला फोटो, संगणकावर चुकून उलटलेलं चित्र या तिन्हींत बाजू फिरते. पूर्ण झालेली प्रतिकृती आरशातल्या प्रतिमेसारखी निघण्याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच असतं. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात ‘घा. डा.’ लिहिलेली चिठ्ठी ठेवली की हा घोळ होत नाही.

मग मोठ्याकडून लहानाकडे या:

पूर्ण लांबी, पाठीच्या मध्यावरून. खांद्यापासून कमरेच्या शिवणीपर्यंत. कमरेची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत. खालचा घेर.

त्यानंतर तुकडे. वरच्या अंगात किती तुकडे आहेत, बाजूच्या पट्ट्या वेगळ्या आहेत का, बाही खांद्याला सरळ रेषेत जोडली आहे का. बहुतेक जुन्या अंगरख्यांत मुंढ्याला गोलाई नसते. बाही सरळ जोडलेली असते आणि हात हलायला काखेत एक चौकोनी तुकडा, चौबगला, बसवलेला असतो. काही ठिकाणी काख थोडी उघडीही ठेवलेली असते. बाहीची लांबी हाताच्या लांबीपेक्षा जास्त निघाली तर माप चुकलं असं समजू नका. ती जादा लांबी मनगटाच्या वर चुण्या पडण्यासाठी असते.

कळ्या एकेक करून मोजा. ‘सगळ्या सारख्याच असणार’ असं धरून एक मोजून सोळानं गुणू नका. काही कळ्या अर्ध्याच असतात, काहींना वर छोटा जोड असतो. प्रत्येक कळीची वरची रुंदी, खालची रुंदी, उंची, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तिची कोणती बाजू उभ्या धाग्यावर आहे आणि कोणती तिरकी, हे भिंगानं पाहून लिहा. पाठीच्या मध्यावर दोन उभ्या बाजू भेटतात की दोन तिरक्या, हेही लिहा. घेर कसा पडेल ते यावरच ठरतं.

पुढच्या तोंडाची गोलाई अशी घ्या. खांद्याच्या टोकापासून कमरेच्या शिवणीपर्यंत कपड्याच्या शेजारी टेप सरळ ठेवा. ही तुमची पायारेषा. तिच्यावर दर २ सेंमीला थांबून गोलाईपर्यंतचं आडवं अंतर पारदर्शक पट्टीनं मोजा. ही बिंदूंची यादी घरी आलेखावर मांडली की गोलाई आपोआप उभी राहते. वेळ लागतो, पण अंदाजे काढलेल्या गोलाईवर पडदा कधीच नीट बसत नाही. गळ्यालाही हीच रीत.

शेवटी बारकावे. शिवणीची रुंदी, २ सेंमीत किती टाके (तीन वेगवेगळ्या ठिकाणी), धाग्यांची घनता उभी-आडवी, बंदांची लांबी-रुंदी आणि ते नेमके कुठून निघतात. शिलाई हातची की मशीनची, तेही पाहा. सिंगरचं मशीन १८५१ चं आहे, त्यामुळे शतकाच्या पूर्वार्धातल्या कपड्यात मशीनची टीप दिसली तर ती नंतरची दुरुस्ती समजा. मशीनची साधी टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. साखळीटाक्याच्या मशीनची असेल तर खालच्या बाजूला फासे दिसतात.

दुरुस्त्या हा स्वतंत्र विषय आहे आणि तो टाळता येत नाही. कपडे पिढ्यान्‌पिढ्या वापरले जात, कमरेत सैल केले जात, लांबी वाढवली जात असे. सुईची रिकामी भोकं ओळीनं दिसली, जुन्या दुमडीची रेघ दिसली, एका शिवणीतला दोरा बाकीच्यांहून वेगळा दिसला, तर तिथे फेरफार झाला आहे. तुम्ही कपड्याची कोणती अवस्था उभी करणार, पहिली की शेवटची, ते ठरवा आणि लिहून ठेवा. दोन्हींची सरमिसळ झाली तर मापं कुठेच जुळत नाहीत.

पडताळा: निघण्याआधी तिथेच बेरीज करा. सर्व कळ्यांच्या वरच्या रुंदींची बेरीज कमरेच्या शिवणीएवढी आली पाहिजे. १ सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर परत मोजा. घरी गेल्यावर हे दुरुस्त होत नाही.

४. पन्हा वाचणे

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि माझ्या मते प्रतिकृतीचा जीव इथेच आहे.

जुन्या शिंप्यानं कापड वाया घालवलं नाही. आयताकृती तुकडे, एकमेकांत उलटसुलट बसणाऱ्या कळ्या, आणि जिथे कापडाचा अंगचा, विणतानाच तयार झालेला काठ मिळाला तिथे तो तसाच वापरणं, ही त्याची पद्धत. म्हणून कपड्यात कुठे कुठे काठ दिसतो ते शोधा. बाहीच्या शिवणीत, बाजूच्या पट्टीला, पडद्याच्या कडेला तो सापडतो. काठापासून काठापर्यंतचा एखादा अखंड तुकडा मिळाला तर मूळ कापडाचा पन्हाच हाती लागला. नाही मिळाला तर शेजारच्या तुकड्यांच्या रुंदी वेगवेगळ्या जोडून पाहा; दोन-तीन बेरजा एकाच आकड्यापाशी आल्या तर तो पन्हा असण्याची शक्यता बरीच.

आज बाजारात मिळणारं कापड बहुधा ११२ सेंमी पन्ह्याचं असतं आणि मूळ कापड त्याहून अरुंद असू शकतं. तेव्हा जो जोड मूळ शिंप्याला पन्हा अपुरा पडल्यामुळे द्यावा लागला, तो तुमच्या रुंद कापडात लागणारच नाही. तरीही द्या. तो जोड काढून टाकला की शिवणींची मांडणी बदलते, आणि पातळ मलमलीत प्रत्येक शिवण उजेडात रेघेसारखी दिसत असल्यामुळे फरक लांबूनही कळतो.

५. आलेख आणि कागदी आराखडा

आधी १:५ या प्रमाणात आलेखावर सगळे तुकडे काढा, माया न धरता. त्यांच्या कडा कोणत्या कोणत्या कडेला भेटतात ते अक्षरांनी दाखवा. मगच खाकी कागदावर पूर्ण मापाचा आराखडा काढून त्याला माया द्या.

कळ्यांचं गणित एका उदाहरणानं पाहू. समजा कापडाचा पन्हा ११२ सेंमी, दोन्ही काठ काढून ११० उरले. कळीची उंची ७८, मायेसकट वर ८.५ आणि खाली १९. एक कळी सुलटी, शेजारची डोकं खाली करून ठेवली की दोन्ही मिळून २७.५ सेंमी रुंदीचा आयत होतो. ११० मध्ये असे चार आयत, म्हणजे आठ कळ्या. सोळा कळ्यांना ७८ सेंमीचे दोनच पट्टे लागले आणि कापडाचा तुकडाही वाया गेला नाही.

आता माया. दोन्ही बाजूंना ०.७ सेंमी धरली तर शिवून झाल्यावर कळी वर ७.१ आणि खाली १७.६ उरते. सोळांची बेरीज: कमरेशी ११३.६, घेराला २८१.६. कमरेच्या ११३.६ मध्ये पुढचा एकावर एक येणारा भागही धरलेला आहे. मूळ कपड्यावरची रुंदी घेऊन माया द्यायला विसरलात, तर सोळा कळ्यांत मिळून २२.४ सेंमी कमरेतून नाहीसे होतात. अंगरखा कमरेत भिडत नाही अशी तक्रार आली की मी आधी हाच आकडा विचारते.

घालण्यासाठी माप बदलायचं असेल तर ते पसरवून बदला. कमर ८ सेंमीनं वाढवायची तर प्रत्येक कळीला वर अर्धा सेंमी द्या. छाती बाजूच्या पट्ट्यांतून वाढवा. पुढची गोलाई, गळा आणि चौबगला यांना शक्यतो हात लावू नका. कपड्याचा चेहरा त्यांच्यावर आहे.

६. मांजरपाटाचा कच्चा नमुना

वरचं अंग, पडदा आणि एक बाही मांजरपाटात कापून कच्च्या टाक्यांनी जोडा. घालून पाहताना हात पूर्ण वर न्या, पुढे घ्या, खाली बसा. चौबगला लहान पडला असेल तर हात वर नेताच संपूर्ण कमरेची शिवण वर ओढली जाते.

कळ्यांसाठी मात्र मांजरपाट उपयोगाचा नाही. तो जाड आणि ताठ, त्यात घेर फुगलेला दिसतो आणि मलमलीत तोच घेर अंगालगत पडतो. निदान चार कळ्या स्वस्तातल्या सुती व्हॉइलमध्ये जोडून टांगून पाहा.

सावधान: पडदा एका बाजूला शिवलेला आणि दुसरीकडे मोकळा असतो, मोकळी बाजू आतल्या बंदानं बांधली जाते. दोन्ही बाजू शिवून टाकल्या तर अंगरखा अंगात जाणारच नाही. कच्च्या नमुन्यावरच शिवलेली बाजू रंगीत दोऱ्यानं दाखवून ठेवा.

७. कापड: निवड, धुणे, खळ

आता बाजार. मांजरपाट, व्हॉइल, दोरे मंगळबाजारात मिळतील. मूळ कपडा हातमागाचा असेल तर मलमल मात्र खादी भांडारातून, हातकताईची आणि हातमागाची घ्या. धागा थोडा कमीजास्त जाड असलेलीच हवी. यंत्रमागाची एकसारखी मलमल पडते वेगळी आणि चमकतेही वेगळी. तुमच्या वहीतली धाग्यांची घनता दुकानातच काच लावून ताडून पाहा. तंतोतंत मिळणार नाही, जवळची घ्या.

शुभ्र निळसर पांढरं कापड टाळा. मूळ कपडा नवा असताना तसा दिसत नसणार. आणि तो आज पिवळट दिसतो म्हणून नवं कापड चहाच्या पाण्यात बुडवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पिवळेपणा वयाचा आहे, शिंप्याच्या कामाचा नाही. शिवाय चहाचा डाग असमान बसतो आणि कालांतरानं धाग्याला नुकसान करतो.

भेसळीची शंका असेल तर चार धागे काढून पेटवा. सुताची भुरभुरीत राख होते आणि कागद जळाल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो.

वरच्या मापांच्या अंगरख्याला साडेचार मीटर पुरतात. आकसणं आणि शिलाईचे नमुने धरून साडेपाच घ्या.

कापणीआधी धुणं आवश्यक. कापडाच्या कोपऱ्यात ५० सेंमीचा चौकोन दोऱ्यानं आखा, कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला, सकाळी सौम्य साबणानं धुऊन खळ पूर्ण काढा, सावलीत वाळवा. चौकोन परत मोजा. उभा आणि आडवा वेगवेगळा आकसतो. दुसऱ्यांदा धुतल्यावर चौकोन तेवढाच राहिला तर कापड तयार.

धुतलेली मलमल कात्रीखाली सरकते. म्हणून साबुदाण्याची अगदी पातळ, गाळलेली खळ द्या आणि दमट असतानाच इस्त्री करा, धागे सरळ काटकोनात ओढत. हे काम पावसाळ्यात टाळलेलं बरं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये खळीचं कापड दोन दिवस दमट राहिलं की त्यावर बुरशीचे ठिपके येतात.

८. कापणी

मलमल खडूच्या रेघेवर कापू नका. कडेला छोटी चीर देऊन एक धागा हलकेच ओढा. तो निघाला की कापडात बारीक वाट दिसते. त्या वाटेनं कात्री न्या. आयताकृती तुकड्यांच्या चारही बाजू आणि कळीची उभी बाजू अशीच कापायची. तिरक्या बाजूला कागदी आराखडा ठेवून बारीक टाचण्या लावा.

क्रम असा: आधी वरचं अंग आणि बाह्या, मग कळ्यांचे पट्टे, मग पडदा, चौबगले, बंद. गोलाईसाठी लागणाऱ्या उरेब (तिरक्या धाग्यावर कापलेल्या) पट्ट्या सगळ्यात शेवटी, उरलेल्यातून.

प्रत्येक तुकडा कापताच त्याला क्रमांकाची कापडी चिठ्ठी टाचा आणि उभ्या बाजूला रंगीत दोऱ्याचा एक टाका घाला. साध्या मलमलीला सुलट-उलट नसतं, त्यामुळे अर्ध्या कळ्या पालथ्या करून डाव्या-उजव्या अंगाला आरशासारख्या लावता येतात. चिठ्ठी नसेल तर शिवताना कोणती कुठली ते कळत नाही.

कापडावर बुट्टे असतील तर थांबा. कळ्या उलटसुलट कापल्या की निम्म्या कळ्यांतले बुट्टे डोक्यावर उभे राहतात. मूळ कपड्यात तसे आहेत का ते पाहा. असतील तर तसेच ठेवा, नसतील तर सगळ्या कळ्या एकाच दिशेनं कापा आणि कापड जास्त आणा.

९. शिलाई

दोरा सुतीच, बारीक. पॉलिएस्टरचा दोरा कापडापेक्षा बळकट असतो आणि ओढ बसली की मलमलच कापतो. दोऱ्याला मेण लावा. सुई १० ते १२ क्रमांकाची.

आधी उरलेल्या तुकड्यावर एक वीतभर शिवण करून पाहा: धावदोरा, दर चार-पाच टाक्यांनी एक उलटा टाका, मग एका बाजूची माया ०.३ पर्यंत कापून दुसरी तिच्यावर दुमडून बारीक तुरपाई. ही शिवण मूळ कपड्यावर मोजलेल्या रुंदीची व्हायला हवी. २ सेंमीत दहा-बारा टाके हे नवख्या हाताला जमतं; मूळ कपड्यात त्याहून बारीक असतील तर वहीतल्या आकड्याजवळ जाईपर्यंत सराव करा. अंगुस्तान (सुई ढकलायची बोटावरची टोपी) घालायची सवय याच वेळी लावून घ्या.

पहिलं काम म्हणजे पुढच्या तोंडाच्या आणि गळ्याच्या गोलाईवर, कडेपासून ०.४ वर, एक धावदोरा घालून ठेवणं. गोलाई तिरक्या धाग्यावर असते आणि नुसती हाताळली तरी ताणते. हा दोरा शेवटपर्यंत काढायचा नाही.

मग खांदे. त्यानंतर बाह्या, वरचं अंग टेबलावर सपाट पसरलेलं असतानाच सरळ रेषेत जोडा. चौबगल्याच्या दोन बाजू आधी बाहीला आणि अंगाला लावा, मग बाहीची खालची शिवण आणि बाजूची शिवण एका ओघात करा. चौबगल्याच्या कोपऱ्यांवर घाई केली तर तिथे भोक पडतं. शिवण कोपऱ्याच्या बिंदूपाशी थांबवा, सुई खाली ठेवून कापड वळवा आणि दोन उलटे टाके घेऊन पुढे जा.

तोंडाच्या कडेला उरेब पट्टी आता बसवायची. आतल्या गोलाईवर पट्टी किंचित ताणून, बाहेरच्या गोलाईवर किंचित सैल. मूळ कपड्यात कडेला गोट (वेगळ्या कापडाची बारीक किनार) असेल तर तो याच वेळी. त्यानंतर पडदा: खूण केलेली बाजू शिवा, मोकळ्या बाजूला बारीक दुमड घाला.

कळ्या वेगळ्या जोडा, डाव्या आणि उजव्या अंगाचे दोन गट करून. एकीची उभी बाजू दुसरीच्या तिरक्या बाजूला येते तेव्हा तिरकी बाजू थोडी लांब असते. वरच्या उदाहरणात ७८ ला सुमारे ७८.७. म्हणून नेहमी कमरेकडून खाली शिवत या आणि उरलेलं टोक तळाशी लोंबू द्या. दोन्ही टोकं जुळवायचा मोह झाला तर शिवण मध्ये सुरकुतते आणि ती सुरकुती इस्त्रीनंही जात नाही. शिवताना उभ्या बाजूचा तुकडा वर ठेवा, तिरका खाली. ओढ कमी बसते.

पडताळा: कमरेला जोडण्याआधी कळ्यांचा वरचा काठ आणि वरच्या अंगाचा खालचा काठ मोजा. १ सेंमीपर्यंतचा फरक बोटांनी बसवता येतो. त्याहून जास्त असेल तर एकाच कळीत घालवू नका, सहा-सात शिवणींत थोडाथोडा वाटा.

कमरेची शिवण पाठीच्या मध्यापासून दोन्हीकडे करा, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नाही. नाहीतर घेर एका बाजूला सरकतो.

१०. टांगणे, घेराची दुमड, बंद

तळाची दुमड लगेच घालू नका. अंगरखा रुंद, गुंडाळलेल्या हँगरवर किंवा पुतळ्यावर दोन दिवस तरी टांगा. तिरक्या बाजू आपल्या वजनानं उतरतात. मग जमिनीपासून पट्टीनं सगळीकडे सारखं अंतर मोजून खूण करा, जादा कापा आणि मूळ रुंदीची दुमड घाला. हे टांगणं चुकलं की दोन-तीन वापरांतच घेर पायऱ्यापायऱ्यांचा दिसायला लागतो.

बंद शेवटी. ते उभ्या धाग्यावर कापलेले, दुमडून बारीक शिवलेले असावेत. उरेबवर कापलेला बंद बांधताच लांबतो. प्रत्येक बंदाच्या मुळाशी आतून कापडाचा छोटा तुकडा द्या, कारण सगळी ओढ तिथेच येते. जागा ठरवताना आधी आतला पडद्याचा बंद बांधून मगच बाहेरच्यांच्या खुणा करा.

काम झाल्यावर आतल्या बाजूला एक कापडी पट्टी शिवा: प्रतिकृती, केल्याचं वर्ष, मूळ कपड्याचा नोंद क्रमांक. चांगली झालेली प्रतिकृती पन्नास वर्षांनी जुन्या बाजारात मूळ म्हणून विकली जाऊ शकते, आणि ती अडवण्याचा हाच साधा उपाय आहे.

ठेवताना खळ पूर्ण धुऊन काढा. खळीला कसर लागते. पिवळट पडणाऱ्या प्लास्टिकऐवजी धुतलेल्या सुती पंचात गुंडाळा, घड्यांच्या जागी कापडाची सैल वळकटी घाला आणि वर्षातून दोनदा घड्या बदला. तुमच्या आराखड्याची एक प्रत संग्रहालयाला पाठवा. मागून येणाऱ्या माणसाला तोच नाजूक कपडा पुन्हा टेबलावर पसरून मोजावा लागणार नाही.